ग्रेस न देणारे सर

सरांना कुणाचं भलं करायची वेळ आली की ते आधी त्या माणसाशी भांडून घेत. थंडीत वसतिगृहातल्या एखाद्या पोराकडे पांघरूण नाही असं दिसलं की स्वतःची चादर त्याच्या अंगावर फेकत आणि म्हणत, "घे. उद्यापर्यंत हिला शेंबूड पुसून ठेवशील, माहीत आहे मला." पोरगं आभार मानायला गेलं की सरांचं बोट वर. "तिकडे मान. मी काही केलेलं नाही." वर पंखा होता. आमच्या आश्रमशाळेतली कितीतरी पोरं पंख्याचे आभार मानत मोठी झाली.

शाळा मोखाडा तालुक्यात, रस्त्यापासून थोडी आत. मी तिथे मराठी शिकवायला रुजू झालो तेव्हा सर गणित शिकवून पिकलेले होते. सगळ्या शाळेत ख्रिस्ती आम्ही दोघंच. सर नगरकडचे प्रॉटेस्टंट आणि मी वसईचा कॅथलिक. मुख्याध्यापकांना या दोन शब्दांतला फरक कुणी सांगितला नव्हता. दोघांचा देव एक आहे तर खोलीही एक चालेल, असं म्हणून त्यांनी मला सरांच्या क्वार्टरमध्ये टाकलं. देव एक होता हे खरं. पण त्याच्याकडे जायचा रस्ता कोणता, यावर आमचं जे भांडण पहिल्या संध्याकाळी सुरू झालं ते सर निवृत्त होईपर्यंत चाललं.

पहिल्या संध्याकाळी मी ट्रंक उघडत होतो. सर खाटेवर बसून मला न्याहाळत होते.

"तुझं तारण झालंय का?" त्यांनी विचारलं.

वसईला असं कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, मिस्सेला कुठल्या चर्चला जातोस. मी जरा सावरून बसलो आणि म्हणालो, "सर, बाप्तिस्मा झालाय. पहिला कम्युनियन झालाय. दृढीकरण झालंय. शिवाय नऊ पहिले शुक्रवार पूर्ण केलेत."

"मी तुझा नोकरीचा अर्ज मागितला नाही," सर म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

नऊ पहिले शुक्रवार म्हणजे, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, लागोपाठ नऊ महिने दर पहिल्या शुक्रवारी मिस्सेला जाऊन कम्युनियन घ्यायचं. तसं केलेल्या माणसाला देव शेवटच्या घडीला टाकत नाही, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. माझ्या आईने ते माझ्याकडून शाळेत असतानाच करून घेतले होते. तेव्हापासून मी स्वर्गाच्या बाबतीत विमा उतरवलेल्या माणसासारखा निर्धास्त होतो. सरांनी माझी ती निर्धास्ती एका वाक्यात घालवली. मला त्या रात्री झोप लागली नाही आणि सर घोरत होते. तारण झालेला माणूस घोरतो, ही त्यांच्या पंथाबद्दल मला मिळालेली पहिली माहिती.

सरांचं म्हणणं अगदी सरळ होतं. माणसाच्या हातात काही नाही. "माणूस बुडत नाहीये," ते म्हणत, "तो बुडालेला आहे. तळाला जाऊन पडलाय. त्याला वरून दोर टाकून काय उपयोग? कुणीतरी उडी मारून बाहेर काढला तरच निघेल. त्यालाच कृपा म्हणतात."

मी म्हणे, "दोर देवच टाकतो, सर. पण धरायला तर आपण पाहिजे ना?"

"मेलेला माणूस दोर धरतो?"

"मग आपण चांगलं वागायचं तरी कशाला?"

"बाहेर काढलेला माणूस आपोआप चांगला वागतो. आंब्याच्या झाडाला कैरी धरायला कुणी सांगतं का?"

यावरचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात, समानार्थी शब्द शिकवताना सुचे. तोवर सर वर्गमूळ काढत असत.

शिव्या देऊन भलं करण्यामागचं कारण त्यांनी मला एकदा भाजी चिरता चिरता सांगितलं. "चांगलं काम केलं की मनात गोड वाटतं. त्या गोडाची मला भीती वाटते. दोनदा वाटलं की माणूस मनात म्हणायला लागतो, आपली बाजू भक्कम झाली. म्हणून मी आधीच खराब करून टाकतो." माझी पद्धत याच्या उलट होती. मी एखाद्या पोराला वही घेऊन दिली तर ती गोष्ट स्टाफरूममध्ये आपोआप कळेल अशी व्यवस्था करत असे. गोड वाटणं लवकर संपू नये म्हणून मी फार काळजी घ्यायचो.

रविवारी जवळपास चर्च नव्हतं. मी एखाद्या रविवारी जीप पकडून लांब मिस्सेला जाई आणि बाकीचे रविवार देवाला भूगोल समजतो असं धरून चाले. सर मात्र खोलीतच उपासना घेत. एकटेच. इस्त्रीचा सदरा घालून, उभं राहून, गाणं, प्रार्थना, शास्त्रवाचन, मग चांगला तासभर उपदेश. समोर मी खाटेवर डोक्यावर पांघरूण घेऊन पडलेला. उपदेशानंतर ते नगरच्या चर्चमधल्या रिवाजाप्रमाणे सूचनाही वाचत. "सूचना. आज पाण्याची टाकी धुवायची आहे. मंडळीतले जे सभासद अजून झोपलेले आहेत त्यांनी उठावे." मी उठे. त्या मंडळीत सभासद म्हणून माझं नाव कधी लागलं हे मला कळलंच नाही.

गावात किंवा शाळेत मात्र त्यांनी धर्माचा एक शब्द काढल्याचं मला आठवत नाही. वेशीवरच्या वाघदेवाला कोंबडं दिलं की प्रसादाचं आमंत्रण येई. सर जाऊन बाजूला बसत, कोंबडं खात नसत, भात खात, आणि भात कच्चा आहे म्हणून भांडत. "तुम्ही इतकं मानता तर इथे कुणाला सांगत का नाही?" असं मी विचारलं होतं. म्हणाले, "त्याला ज्याला काढायचंय त्याला तो काढेल. तो माझ्या तोंडावर अवलंबून राहिला असता तर कठीण होतं." हे मात्र मला पटलं.

या वादात तिसरा एकदाच आला. वीज मंडळातला एक वायरमन जव्हारला बदलून आला होता. तो 'विश्वासी' म्हणवणाऱ्यांपैकी, टाळ्या वाजवून, हात वर करून प्रार्थना करणारा. आमच्या शाळेची लाइन दुरुस्त करायला आला आणि आमच्या खोलीतला क्रूस बघून चहाला थांबला. मला वाटलं, आज आपल्या बाजूने एक मत वाढेल. मी मोठ्या हुशारीने त्याच्याच धंद्यातलं उदाहरण घेतलं.

"हे बघा भाऊ, कृपा म्हणजे वीज. तार देवाने घरापर्यंत आणून दिली. पण बटण तर आपणच दाबायचं. बरोबर?"

"बटण दाबणारा हात कुणी दिला?" सर म्हणाले.

वायरमनने चहाचा घोट घेतला. "दोघांचंही बरोबर आहे," तो म्हणाला. "पण दिवा लागला म्हणून गाफील राहायचं नाही. पाप करत राहिलात की कनेक्शन कट."

"कट?" सर एकदम उभे राहिले. "त्याने एकदा दिलेलं तो काढून घेतो? तो काय तुमचं मंडळ आहे?"

ते दोघं अंधार पडायला लागेपर्यंत भांडले, आणि लाइन त्या दिवशी दुरुस्त झाली नाही. कंदिलाच्या उजेडात जेवताना सर म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण बिचारा रोज घाबरून झोपत असणार." मग जरा थांबून, "तुझ्यासारखाच."

आता ग्रेसचं सांगतो. वर्गात काठावर राहिलेल्या पोराला पास करायला जे थोडे गुण वरून देतात त्यांना नियमाच्या भाषेत काही म्हणत असतील, आमच्या स्टाफरूममध्ये ग्रेस म्हणत. कृपा. आणि आयुष्यभर कृपेचा जप करणारे सर गणितात कुणालाही एका गुणाची ग्रेस देत नसत. उलट मी, माणसाने आपल्या बाजूने कष्ट केलेच पाहिजेत असं मानणारा, मराठीत ग्रेस अशी वाटायचो की माझ्या विषयात नापास व्हायला अंगी वेगळी गुणवत्ता लागे. माझ्या दयाळूपणाची पोरांत ख्याती होती. खरं कारण असं की ग्रेस दिली की फेरपरीक्षेचे पेपर तपासावे लागत नाहीत.

एका वर्षी नववीत वनिता नावाची मुलगी होती. पोशेऱ्याच्या पलीकडे डोंगरात एक पाडा आहे, तिथली. बाकी सगळ्या विषयांत बरी, गणितात मात्र साफ आडवी. निकालाच्या बैठकीत मुख्याध्यापक गोड आवाजात म्हणाले, "सर, देऊन टाका. मुलगी शांत आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"नाही," सर म्हणाले.

"अहो, तुम्हीच म्हणता ना देव फुकट देतो?"

"देव देतो. त्याच्याकडे आहे म्हणून देतो. माझ्याकडे फक्त गणित आहे. ते तिला दिलं नाही आणि गुण दिले, तर मी तिला फसवलं."

मी मधे पडलो. मधे पडायची सवय मला पहिल्यापासून आहे. "सर, ती नापास झाली तर पुन्हा शाळेत येणार नाही. पाड्यावर काय होतं तुम्हाला माहीत आहे."

"पास होऊन दहावीला बसली आणि तिथे पडली तर काय होतं, ते तुला माहीत आहे?" सर माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुझी ग्रेस खोटी आहे. तू त्या पोरीला सांगतोस तुला येतं, आणि तिला येत नाही. त्याची कृपा खोटं बोलत नाही. तो म्हणतो, तुला येत नाही, तरी ये."

निकाल लागला. दोन दिवसांनी वनिताचा बाप आला. चंदर त्याचं नाव. भात आणि नाचणीची थोडी शेती, पावसाळा सरला की बायकोला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर, होळीला परत. तो पायरीखालीच उभा राहिला. वनिता त्याच्या मागे, तिची पेटी डोक्यावर घेऊन.

"नेतो हिला," चंदर म्हणाला. "नापास झाली. पाऊस सरला का भट्टीवर येल आमच्यासंगं. तठं हात लागतात."

सर दारात आले. "जूनमध्ये फेरपरीक्षा आहे."

"ती काय करल परीक्षेत? तिला येत नाय म्हनून तं नापास झाली."

"मी येतो पाड्यावर. मे महिनाभर शिकवतो."

चंदरला ते कळलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मलाही कळलं नव्हतं.

"तुझ्या पोरीसाठी नाही येत," सर त्याच्यावर खेकसले. "माझ्या गणितासाठी येतोय. आणि तुझ्याकडे आमटीत मीठ जास्त असलं तर मी बोलणार." एवढं बोलून त्यांनी दार लावलं. चांगलं काम खराब करायचं राहून गेलं असतं म्हणून घाईने खराब केलं, एवढं मला तेव्हा समजत होतं.

मी सुट्टीला वसईला गेलो. आईच्या हातचं खाल्लं, माश्यांवर ताव मारला, आणि आमच्या चर्चमधल्या लोकांना 'दुर्गम भागातलं माझं कार्य' यावर दोनदा बोलून दाखवलं. मेच्या मध्यावर सरांचा फोन आला. आवाज तुटत होता, पाड्यावर रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं. "गुंडाळायचा फळा पाठव. आणि खडू." फोन बंद.

पाठवायला मधे कुणी नव्हतं, म्हणून मी स्वतः निघालो. खरं सांगायचं तर वसईतल्या लोकांनी माझ्या कार्याबद्दल इतके प्रश्न विचारले होते की ते एकदा बघून यावं असं मला वाटलं. फळा, खडू आणि आईने दिलेले सुके बोंबील घेऊन जव्हारला उतरलो, तिथून जीपने पोशेरा, आणि पुढे उन्हातून चालत पाडा.

मोहाच्या झाडाखाली सर खुर्चीवर बसले होते. समोर वनिता आणि तिच्यामुळे जमलेली आणखी पाचसहा पोरं. सर ओरडत होते, "वजा वजा अधिक. किती वेळा सांगू, गाढवांनो. उद्यापासून मी येणार नाही." पोरं शांतपणे वजा वजा अधिक लिहीत होती. सर उद्या येणार हे त्यांना माहीत होतं.

ते चंदरच्या पडवीत राहत होते. पण घरात काहीतरी बिघडलं होतं, ते मला जेवताना कळलं. चंदरच्या बायकोने भाकरी, उडदाचं बेसन आणि मी आणलेला बोंबील भाजून वाढला. सर मान खाली घालून जेवले आणि उठल्याबरोबर हंडा घेऊन निघाले. मेमध्ये मोखाड्यातल्या पाड्यांवर पाणी खाली दरीतल्या झऱ्यावरून आणतात. वाट म्हणजे नुसते दगड.

"रोज जातात," चंदर हताश होऊन म्हणाला. "बाया हासतात. मी सांगतो गुरुजी, तुमी नका जाऊ. आयकत नाय."

मी सरांच्या मागे गेलो. त्यांना कोंडीत पकडायची अशी संधी मला आजवर मिळाली नव्हती. "सर, एक विचारू? हंडा कशासाठी?"

"फुकटचं खात नाही मी कुणाचं."

"पण फुकटचंच खायचं असतं, असं तुम्हीच म्हणता ना?"

सर थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हंडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि पुढे चालू लागले. इतक्या वर्षांच्या वादात मी जिंकलेला हा एकमेव मुद्दा. त्याचा आनंद मला झऱ्यापर्यंत पुरला. परत येताना, भरलेला हंडा खांद्यावर असताना, चढावर सरांचा पाय दगडावरून निसटला. हंडा खाली घरंगळत गेला. सर उठले नाहीत. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता.

मी धावत वर जाऊन चंदरला बोलावलं. एवढं एक काम मी नीट केलं.

पाड्यावरच्या माणसांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. चौघांनी उचलायची, मधे माणसं बदलायची, खाली रस्त्यावर जीप. मी हट्टाने पुढे झालो आणि बांबूला खांदा दिला. दुखऱ्याला वाहून नेणं हे आमच्या धर्मात फार मोठं पुण्य आहे, आणि एवढं पुण्य आयतं खांद्यावर येण्याचा योग वसईत नसतो. पण मी त्या सगळ्यांपेक्षा हातभर उंच. माझ्या बाजूने झोळी वर उचलली गेली आणि सगळा भार पुढच्या माणसावर गेला. पहिलं वळण यायच्या आत चंदर म्हणाला, "लहान गुरुजी, तुमी चपला घ्या."

मी सरांच्या चपला घेऊन मागून चालू लागलो.

झोळीत सर स्वस्थ नव्हते. वेदनेपेक्षा त्यांना दुसरंच काहीतरी छळत होतं. दर थोड्या वेळाने ते कोपरावर उठायला बघत. "थांबवा. मी एका पायावर चालतो. काठी द्या मला. अरे, तुम्ही सकाळपासून कामावर आहात, मी इतका जड माणूस…" माणसं घामाने निथळत होती आणि झोळी हेलकावे खात होती.

शेवटी चंदर थांबला. रागावला नव्हता. नांगराच्या बैलाशी बोलावं तसं समजुतीने तो म्हणाला, "गुरुजी, हालू नका. तुमी हालता ना, तवा आमाला जड लागतं. गप पडून ऱ्हा. नेतो आमी."

सर गप्प झाले. हात छातीवर घेऊन ते वरच्या फांद्यांकडे बघत पडून राहिले आणि झोळी खरंच हलकी झाल्यासारखी झपाझप उतरायला लागली. बरंच खाली आल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"ऐकलंस का, चंदर काय म्हणाला?"

"काय, सर?"

त्यांचे डोळे भरले होते. "काही नाही. चपला नीट धर."

जव्हारला दवाखान्यात पायाला प्लास्टर घातलं. पाड्यावरची माणसं बाहेर ओट्यावर बसली होती. सरांनी चंदरला आत बोलावलं आणि त्याचा हात धरला. मी वाट बघत होतो की आता ते काहीतरी खेकसतील. त्यांनी तोंड उघडलंही. पण बाहेर एवढंच आलं, "चंदर, मी तुझ्यासाठी काहीच करू शकत नाही आता."

"आता काय करायचा?" चंदर म्हणाला. "झोपायचा." आणि परतीची जीप निघायच्या आत तो गेला.

त्या दुपारी सरांनी मला त्यांच्या वडिलांचं सांगितलं. ते खेड्याखेड्यांत फिरून देवाचं वचन सांगणारे होते. पायात कधी धड चप्पल नाही, घरात असेल नसेल ते दुसऱ्याला. "देवमाणूस," सर म्हणाले. "आणि मरताना माझा हात धरून काय विचारत होता? पुरलं का रे? मी केलं ते पुरलं का? शेवटपर्यंत तेच. घामाघूम. त्या दिवसापासून मी ठरवलं, हा प्रश्नच आपल्याला नको. कुणालाच नको. देवाने उत्तर देऊन टाकलंय, संपलं." ते प्लास्टरकडे बघत राहिले. "आणि बघ, मी हंडे वाहत होतो."

मला बोलण्यासारखं पुष्कळ सुचलं होतं, आणि ते दुसऱ्या दिवसावर न जाता त्याच वेळी सुचलं होतं, म्हणूनच मी तोंड बंद ठेवलं.

उरलेले दिवस वनिताने सरांनी नेमून दिलेली गणितं एकटीने सोडवली. जूनमध्ये फेरपरीक्षा झाली. सर अजून प्लास्टरमध्ये होते, म्हणून पेपर तपासायचं काम मुख्याध्यापकांनी सरांनी लिहून दिलेल्या उत्तरांसह माझ्याकडे दिलं. मी लाल पेन घेऊन बसलो तेव्हा ग्रेस द्यायची पूर्ण तयारी करून बसलो होतो. त्यासाठीचं समर्थनही मनात तयार होतं, त्यात सरांचीच वाक्यं वापरली होती. पण बेरीज केली तर मुलगी चांगली वर निघालेली. ग्रेसची गरजच नव्हती. तिच्या पास होण्यात माझ्या दयाळूपणाला कुठे जागाच उरली नाही, आणि मला जरा वाईट वाटलं.

सरांचा विश्वास बसला नाही. "तू दिलेस," ते खाटेवरून म्हणाले. "आण तो पेपर." त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत पेपर पुन्हा तपासला आणि एका उदाहरणात एकक लिहिलं नाही म्हणून एक गुण कापला. तरीही ती पासच होती.

"खूश ना, सर?"

"कसला खूश? आता ही जन्मभर म्हणणार, मी माझ्या कष्टाने पास झाले."

"झालीच ना कष्टाने."

"तेच तर." त्यांनी उसासा सोडला. "एक कॅथलिक तयार केला मी."

त्यानंतर सर काठी घेऊन चालत. पोरांनी बादली आणून दिली की निमूटपणे घेत. भांडण मात्र सुटलं नाही. बादली अर्धीच का भरली, यावर तरी बोलतच. पुढे ते निवृत्त होऊन नगरला बहिणीकडे गेले. फोनवर आमचा वाद चालू राहिला. एकदा म्हणाले, "मी गेल्यावर माझ्या नावाने मिस्सा-बिस्सा देऊ नकोस. पोचलो असेन तर गरज नाही, आणि नसेन पोचलो तर उपयोग नाही." आमच्याकडे मेलेल्यासाठी प्रार्थना करतात, त्यांच्याकडे करत नाहीत. मी म्हणालो, "सर, मधे कुठे थांबावं लागलं तर?" म्हणाले, "मधे स्टॉप नाही. थेट गाडी आहे."

गेल्या वर्षी श्रावणात ते गेले. मी नगरला पोचलो. साधी उपासना, दोन गाणी, थोडी माती. त्यांच्या मंडळीत रिवाज होता तितकंच. वसईला आल्यावर मी मिस्सा दिली. त्यांनी नको म्हटलं होतं, पण थेट गाडीचं रिझर्वेशन मी स्वतः बघितलेलं नव्हतं.

चंदरला सांगायला हवं होतं. भाद्रपदात शाळेतून वेळ काढून मी पाड्यावर गेलो. भात हिरवागार उभा होता. योगायोगाने त्यांच्याकडे त्या दिवशी पित्रांचं जेवण होतं. वनिता जव्हारहून आली होती. ती तिथे कॉलेजात आहे आणि पहिल्या संधीला गणित सोडून तिने कला शाखा घेतली, हे मी सरांना कधी कळू दिलं नव्हतं. सर गेल्याचं मी सांगितलं. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चंदर जोत्यावर बसून राहिला.

"मग त्याचं काय काय केलंव?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"सरांच्यात काही करत नाहीत."

"काहीच नाय?"

"नाही. ते म्हणायचे, देवाने सगळं करून ठेवलंय. मागच्यांनी काही करायची गरज नाही."

चंदरने यावर नीट विचार केला. वादासाठी नव्हे, त्याला खरोखरच काळजी पडली होती. त्याने आत चुलीपाशी बसलेल्या बायकोकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"मग त्याला जेवायला कोन वाढल?"

प्रॉटेस्टंटांचं उत्तर मला पाठ होतं, कॅथलिकांचंही होतं, आणि वायरमनचंही थोडंफार आठवत होतं. चंदरच्या बायकोने पित्रांच्या पानांशेजारी आणखी एक पान मांडलं, त्यावर भात आणि उडदाची आमटी वाढली, आणि माझ्याकडे बघून थांबली. सरांच्या घरचं माणूस म्हणून पाणी सोडायला मीच तिथे होतो.

मी पाणी सोडलं. मग मनात म्हणालो, सर, हालू नका, जेवा. आणि आमटीत मीठ जास्त असेल तर बोला.

हे पुढच्या पापनिवेदनाला फादरना सांगायचं की नाही, ते अजून माझं ठरत नाही.